अनुभव नाही, पण माणूस कसा आहे?



बैल घ्यायला आपण बाजारात जातो तेव्हा दावणीला उभे जनावर नुसते पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. जाणता शेतकरी असेल तर जुंपून पाहिल्याशिवाय सौदा पक्का करीत नाही. बियाण्याचेही तसेच. घरचे सोयाबीन पेरायचे असले म्हणजे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि निदान सत्तर उगवले तरच ते बी रानात नेतो. पण गावच्या दूध संस्थेत, सेवा सोसायटीत किंवा अलीकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीत माणूस नेमायचा असला की ही सारी पारख आपण घरी ठेवून येतो. “कुणाचा रे तू?” आणि “कुठं काम केलंयस का आधी?” या दोन प्रश्नांत मुलाखत आटोपते. पहिल्या प्रश्नाने भावकी ठरते, दुसऱ्याने माणूस बाद होतो.

गावात जागा निघते तेव्हा येणारे बहुतेक उमेदवार नवखेच असतात, हे आधी लक्षात घ्या. बारावी झालेला मुलगा, बी.कॉम. होऊन घरी बसलेली मुलगी, कारखान्यातले काम सुटून परतलेला तरुण, दोन लेकरांची आई असलेली सून. यांतल्या कुणी दुधाची फॅट काढलेली नसते, की कंपनीचे दप्तर लिहिलेले नसते. मग अशा नवख्यांची पारख करायची तरी कशी? आज त्याविषयी सांगतो.

चुकीचा माणूस नेमला तर काय होते, त्याचा हिशेब आधी करून पाहा. समजा एका घरचे रोज १० लिटर दूध संस्थेत जाते. नमुना नीट न घेतल्यामुळे लिटरमागे १ रुपया कमी बसला. दिवसाला १० रुपये गेले, वर्षाला ३,६५०. अशी शंभर घरे धरा, म्हणजे ३ लाख ६५ हजार रुपये झाले. एवढी चोरी झाली तर आपण पोलिसांत जाऊ. ही मात्र रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या डोळ्यांदेखत होते आणि कुणाला कळतही नाही. माणूस लबाड असलाच पाहिजे असे नाही, निष्काळजी असला तरी पुरते.

आमच्या भागातल्या एका गावी दूध संस्थेत संकलनासाठी माणूस घ्यायचा होता. संचालकांनी मला आणि दूध संघाच्या पर्यवेक्षकाला मदतीला बोलावले. अर्ज पाच आले. त्यांत एकालाच अनुभव होता. एका खाजगी संकलन केंद्रावर त्याने चार वर्षे काम केले होते. बाकी चौघे कोरे. दोन संचालक म्हणाले, “आता मुलाखत कशाला? ह्यो तयार गडी हाय, लावा कामाला.” पर्यवेक्षक जुना माणूस होता. तो म्हणाला, “लावू की. पण आधी काम करून दाखवू द्या. पाचही जणांना सारखंच काम देऊ.”

संध्याकाळच्या संकलनाआधी तीन कॅन दूध बाजूला ठेवले. ते तासभर शांत उभे होते, त्यामुळे वर साय धरायला लागली होती. प्रत्येकाने तिन्ही कॅनमधून नमुना घ्यायचा, मशीनवर लावायचा आणि आकडे वहीत लिहायचे. ज्याला मशीन माहीत नाही त्याला पर्यवेक्षक एकदाच दाखवणार होता.

अनुभवी गड्याचा हात झपाझप चालला. तीन नमुने, तीन आकडे, काम फत्ते. पण त्याने एकही कॅन ढवळला नाही. बाटली बुडवली आणि वरचेवर दूध उचलले. ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो: दुधातले स्निग्ध कण हलके असतात, ते वर येतात. वरचा नमुना घेतला तर फॅट जास्त दिसते आणि संस्था बुडते. तळचा घेतला तर फॅट कमी दिसते आणि शेतकरी बुडतो. म्हणून कॅन तळापासून दांडीने नीट ढवळल्यावरच नमुना घ्यायचा. पर्यवेक्षकाने त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “आमच्याकडं असंच चालतं.” चार वर्षे त्याने तेच केले होते. आता सांगा, ही चार वर्षे त्याच्या जमेला धरायची की नावे टाकायची?

पाचांतली एक त्याच गावची सून होती. बारावी शिकलेली, महिला बचत गटाची वही तीन वर्षे लिहीत होती. मशीनला तिने त्या दिवशी पहिल्यांदाच हात लावला. पहिला नमुना चुकला, कारण बटण आधीच दाबले गेले. तिने ते स्वतःच सांगितले आणि पुन्हा करू का म्हणून विचारले. दुसऱ्या वेळी बाटली हातात घेऊन म्हणाली, “साहेब, ह्यात आधीचं दूध राहिलंय. धुऊन घेऊ का?” पर्यवेक्षकाने माझ्याकडे पाहिले. आधीच्या दुधाचा अंश बाटलीत राहिला तर पुढच्या माणसाचा आकडा बिघडतो, हे तिला कुणी शिकवले नव्हते. तिला ते दिसले. कॅन ढवळायचे मात्र तिलाही सुचले नव्हते. एकदा सांगितल्यावर उरलेले दोन्ही कॅन तिने तळापासून ढवळले.

नवख्याची पारख करताना नेमके हेच पाहायचे असते. आज त्याला किती येते याला फार महत्त्व देऊ नका. एकदा दाखवल्यावर दुसऱ्या वेळी किती सुधारते, चूक झाली तर ती झाकतो की सांगतो, आणि न सांगता त्याला काय दिसते, या तीन गोष्टी पाहा. तोंडी मुलाखतीत यांतली एकही कळत नाही. तिथे बोलका माणूस बाजी मारतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपल्या आजीला माहीत होते, निवड समितीला मात्र ऐन वेळी आठवत नाही.

हा माझ्या एकट्याचा विचार नाही. १९९८ साली अमेरिकेतील फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन संशोधकांनी नोकरभरतीवर आधीच्या ८५ वर्षांत झालेला अभ्यास एकत्र मांडला. प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची परीक्षा आणि सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत, यांवरून माणूस पुढे काम कसे करील याचा अंदाज बराच चांगला येतो, असे त्यांना दिसले. नुसती अनुभवाची वर्षे मोजून मात्र तो फार थोडा येतो. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही आकडेमोड पुन्हा तपासली. बरेच आकडे त्यांनी खाली आणले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत सर्वांत वर राहिली आणि अनुभवाची वर्षे खालीच राहिली.

आपल्या दुधाच्या धंद्यातलेच उदाहरण घ्या. डॉ. वर्गीस कुरियन शिकले होते अभियांत्रिकी. परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्तीसाठी मुलाखत झाली तेव्हा त्यांना पाश्चरीकरण म्हणजे काय, असे विचारले. दूध तापवण्याशी काहीतरी संबंध असावा, एवढेच त्यांना सांगता आले आणि तेवढ्यावर दुग्ध अभियांत्रिकीसाठी त्यांची निवड झाली, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. १९४९ साली ते आणंदला आले तेही सरकारी करार पुरा करण्यापुरते. त्रिभुवनदास पटेलांनी आग्रह करून त्यांना खेडा संघात ठेवून घेतले. पुढे काय घडले ते आपण सारे जाणतो. आपल्या गावात कुरियनच सापडेल असे मी म्हणत नाही. धंद्याची माहिती पुढे मिळवता येते, काम अंगावर घेण्याची वृत्ती मात्र माणसाने बरोबर आणावी लागते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता प्रत्यक्ष मुलाखत कशी घ्यावी ते सांगतो.

पहिले काम जाहिरात देण्याआधीचे. संचालकांनी बसून एका कागदावर लिहावे की हा माणूस सकाळी उठून रात्रीपर्यंत नेमके काय काय करणार. वजन करणे, नमुना घेणे, मशीन धुणे, वही लिहिणे, दहा दिवसांचे बिल काढणे, पशुखाद्याची उधारी सांभाळणे, तक्रार ऐकणे. हा कागद झाला की कोणती गोष्ट माणसाला आधीच आली पाहिजे आणि कोणती आपण शिकवू शकतो, यांवर खुणा करा. मशीन पंधरा दिवसांत शिकवता येते. वेळेवर येणे, बेरीज बरोबर करणे आणि गरिबाशी नीट बोलणे पंधरा दिवसांत शिकवता येत नाही. जे शिकवता येत नाही ते मुलाखतीत तपासा.

दुसरे, सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. एकाला हिशेब आणि दुसऱ्याला गावच्या जत्रेच्या गप्पा, असे झाले तर तुलना कशाची करणार? नवख्यांना विचारण्याजोगे काही प्रश्न देतो.

“१० किलो दूध म्हणजे १० लिटर का?” दूध पाण्याहून किंचित जड असते, लिटरचे वजन साधारण १ किलो ३० ग्रॅम भरते. त्यामुळे १० किलो दूध म्हणजे सुमारे ९.७ लिटर. उत्तर माहीत नसले तरी चालेल. पण उमेदवार विचार कसा करतो, मापून पाहू म्हणतो की ठोकून देतो, ते ऐका.

“एका म्हातारीची फॅट काल ४.२ होती, आज ३.६ आली. ती भांडायला उभी आहे. काय कराल?” चांगला उमेदवार म्हणेल की तिच्यासमोर पुन्हा ढवळून नमुना घेईन आणि पुन्हा लावीन. त्याहून चांगला तिला विचारील की वैरण बदलली का, वासराने शेवटचे दूध पिऊन टाकले का. धारेचे पहिले दूध पातळ असते आणि शेवटचे सकस, हे ज्याच्या घरी गाय आहे त्याला ठाऊक असते. ज्या उत्तरात म्हातारीच खोटारडी ठरते ते उत्तर लक्षात ठेवा.

“संकलन चालू असताना वीज गेली. पंधरा माणसे किटल्या घेऊन उभी आहेत. मग?” इथे डोके शांत राहते का ते कळते. नमुन्यांच्या बाटल्यांना नंबर घालून ठेवीन, वजन साध्या काट्यावर करीन, लोकांना काय चालले आहे ते सांगीन, असे काही यायला हवे.

“चेअरमनच्या घरचे दूध पातळ आले तर?” हा प्रश्न चेअरमननेच विचारावा. उमेदवार गांगरेल, गांगरू द्या. “सगळ्यांचं लिहितो तसंच लिहीन,” असे जो चाचरत का होईना म्हणेल त्याला गुण द्या. आणि चेअरमनसाहेबांनीही मग ते उत्तर जन्मभर लक्षात ठेवावे.

अनुभव नसलेल्याला विचारायचा शेवटचा प्रश्न असा: “पैशाचा किंवा मालाचा हिशेब तुम्ही शेवटचा कधी सांभाळला? सांगा पाहू.” मोठ्या नोकरीचा अनुभव नसेल, पण घरची खुरपणीची मजुरी कुणी वाटली, गणेश मंडळाची वर्गणी कुणी लिहिली, बहिणीच्या लग्नातला किराणा कुणी मोजून आणला? हाही अनुभवच आहे. आपल्या मुलामुलींना तो अनुभव वाटत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. विचारणाऱ्याने तो काढून घ्यावा लागतो.

तिसरे, गुण लिहा. कामाच्या परीक्षेला ५० आणि पाच प्रश्नांना प्रत्येकी १०. प्रत्येक संचालकाने आपापल्या कागदावर आधी गुण लिहावेत आणि मग बोलावे. आधी बोलले की मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांचे गुण ठरवतो. ज्याचा नातेवाईक उमेदवार असेल त्याने त्या दिवशी उठून घरी जावे. त्याला वाईट वाटेल, पण पुढची दहा वर्षे गाव त्याला नावे ठेवणार नाही.

चौथे, बायाबापड्यांना वेडेवाकडे प्रश्न विचारू नका. “लग्न झाल्यावर काय करशील?”, “सासू पाठवील का?”, “पहाटे बाईमाणूस कसं येणार?” असे प्रश्न मी पुष्कळ ठिकाणी ऐकतो. १९७६ च्या समान वेतन कायद्याने नेमणुकीत स्त्री-पुरुष भेद करायला बंदी केली आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. विचारायचे तर सर्वांना सारखे विचारा: “संकलन पहाटेच सुरू होते. रोज वेळेवर यायला जमेल का?” जमेल की नाही ते उमेदवार सांगेल. आपण तिच्या घरची काळजी वाहू नये.

पाचवे, नेमणूक झाली की माणसाला वाऱ्यावर सोडू नका. खोंडाला पहिल्या दिवशी एकट्याने नांगर ओढायला लावीत नाहीत, जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात. पहिला महिना परीक्षेचा ठेवा, पण त्याचा पगार द्या आणि अटी कागदावर लिहून द्या. जुना सचिव किंवा संघाचा माणूस सोबत असू द्या. फुकट राबवून महिन्याने घरी पाठवणे हे पाप आहे. त्याने संस्थेचे नावही जाते.

इथे एक इशारा देतो, नाहीतर माझ्या लिहिण्याचा उलटा अर्थ निघेल. अनुभवाला मी कमी लेखत नाही. ट्रॅक्टरवर परवाना नसलेला चालक बसवू नका. विजेच्या मोटारीचे काम नवख्याच्या हाती देऊ नका. ज्या संस्थेत अजून जुन्या गर्बर पद्धतीने फॅट काढतात तिथे तीव्र गंधकाम्ल हाताळावे लागते, ते शिकवल्याशिवाय कुणाला बाटलीजवळ जाऊ देऊ नका. ज्या कामात चूक झाली तर जीव जातो तिथे अनुभव आणि परवाना दोन्ही मागा. ज्या कामात चूक सुधारता येते तिथे नवख्याला दार उघडा. कायदा किंवा योजना शिक्षणाची अट घालते तिथे ती पाळा. शेतकरी उत्पादक संघटनांच्या २०२० च्या केंद्रीय योजनेत हिशेबनीसासाठी बारावीला गणित किंवा वाणिज्य, लेखा असे विषय धरले आहेत. त्याहून जास्त अटी आपण होऊन घातल्या की गावचे चांगले उमेदवार दाराबाहेरच राहतात.

आता त्या गावचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. गुणांची बेरीज केली तेव्हा सून पहिली आली आणि अनुभवी गडी तिसरा. दोन संचालक शेवटपर्यंत नाखूश होते. पहिले आठ दिवस संकलनाला अर्धा तास उशीर होत होता, लोक कुरकुरत होते, आणि “बघा, सांगितलं नव्हतं?” असे पारावर ऐकू येत होते. दुसऱ्या आठवड्यात दहा दिवसांची बिले लागली. कुणाची दोन पैशांनी वाढली, कुणाची उतरली. ज्यांची उतरली त्यांत एक संचालकही होता. तो वही घेऊन आला. तिने त्याला रोजचे आकडे दाखवले आणि म्हणाली, “उद्या तुमच्यासमोर दोनदा लावते.” दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा आकडा तोच आला. तो काही न बोलता गेला, पण त्यानंतर दूध आले की कॅन ढवळायची दांडी तोच पुढे करतो, असे पर्यवेक्षक सांगतो.

शेवटी मुलामुलींशी दोन शब्द. मुलाखतीला जाताना “मला अनुभव नाही” असे म्हणून मान खाली घालू नका. येत नाही ते येत नाही म्हणून सांगा आणि लगेच म्हणा, “एकदा दाखवा, मी करून बघतो.” घरचा, गटाचा, मंडळाचा जो हिशेब लिहिला असेल ती वही बरोबर न्या. हातची वही दहा दाखल्यांपेक्षा जास्त बोलते. जिथे जाणार त्या संस्थेत आदल्या दिवशी एक तास उभे राहून काम कसे चालते ते पाहून या. त्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही. आणि निवड झाली नाही तर आपले कुठे कमी पडले ते नम्रपणे विचारा. चांगली समिती असेल तर सांगेल.

आणि आई-वडिलांनो, मुलाखतीच्या आदल्या रात्री संचालकाच्या घरी पेढे घेऊन जाऊ नका. ज्याच्या घरी पेढे जातात त्याच्या हातात उद्या आपल्याच दुधाचे माप असते.

पुढच्या अंकात उन्हाळ्यातील वैरणीच्या नियोजनाविषयी पाहू. आपल्या गावच्या संस्थेत अशी कामाची परीक्षा घेतली तर कशी झाली ते पत्राने जरूर कळवा.